अम्मी कुठं बसेल?

आमच्या सानपाड्यात अफवा होती की बासितला खोली नकोच आहे. लोकांच्या घरी फुकटचा चहा प्यायला हिंडतो. साफ खोटं. तो चहा पितच नाही. मला ठाऊक, कारण माझे बाबा, हिरामण एजंट, चाव्यांचा जुडगा माझ्याकडे देत आणि खोल्या मीच दाखवायचो.

बासित श्रीवर्धनचा, वाशीच्या कॉलेजात शिकायला आलेला. कुठल्याही घरात शिरला की तो आधी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर मांडी घालायचा.

"काय बघतोस रे?"

"अम्मी इथं बसली तर वारा लागेल का, ते."

तेव्हा तो कॉट बेसिसवर, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत नुसती खाट भाड्यानं घेऊन राहायचा. तिथं अम्मीला जिन्यातसुद्धा उभं करता आलं नसतं. ईदला गावी गेला की ती विचारायची, झोपतोस कुठं, खिडकी कुठल्या अंगाला? तो नसलेल्या खिडकीतला वारा सांगत बसायचा. मला अम्मीबद्दल सांगताना त्याचे हात भाकरी थापल्यासारखे हलायचे.

पण घरमालक! त्यांच्या नकला करून मी त्याची तालीम घ्यायचो. रावसाहेबांची खास, घसा खाकरून: "हॅक्, हॅक्! आमची सोसायटी फ्यामिलीवाल्यांची. बॅचलर म्हंजे टेन्शन. पाहुणे चालायचे नाहीत, काय समजलात?"

बासित हसून लोळायचा. मग विचारायचा, "अम्मी पण पाहुणीच का रे?"

बाबांनी त्याला बजावलं, "पाहुण्यांचं नावच काढू नको. आधी राहायला लाग, मग बघू."

"म्हणजे तिला चोरून आणू? नाय जमायचं."

मी पैज लावली: अम्मीचं नाव काढलंस की रावसाहेब दार दाखवणार. हरलो तर अम्मी इथं असेपर्यंत नक्कल बंद.

खोली बघायला गेलो, तर रावसाहेबांनी डिट्टो माझ्यासारखंच खाकरलं. "आमची सोसायटी फ्यामिलीवाल्यांची..."

"काका, माझी अम्मी येणार," बासित मध्येच म्हणाला. "राहणार. सुका जवळा भाजणार. वास येईल."

रावसाहेब पुढं सरसावले.

"आई येऊन राहणार? मग तू बॅचलर कसला? चावी दे रे त्याला. आणि जवळा भाजायच्या आधी सांग, मी भात टाकतो."

अम्मी आली. टोपली ठेवून नेमकी खिडकीखाली बसली आणि बोलायला लागली. काय ते हेल! नक्कल करायला माझी जीभ नुसती वळवळत होती, पण पैज हरलेलो, म्हणून तोंडच उघडलं नाही.

"वारा हाय रं इथं," तिनं पदर सैल केला, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "बासित, ह्यो पोरगा मुका हाय काय?"

"होय अम्मी," बासित म्हणाला. "तू हायस तोवर."