सोयऱ्याच्या घरचं पाणी

परदेश म्हणून मी जन्मात एकच पाहिला, सिंगापूर. त्यातही खरं फिरून पाहिलं ते एकाच दिवशी. लोक अजून विचारतात, कसं होतं हो? मी सांगतो, छान होतं, रस्ते आरशासारखे होते. तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं आणि माझी सुटका होते.

आम्ही नागपूरच्या गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीतली विणकर माणसं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, घरोघरचे माग एकेक करून बंद पडत होते, आणि मी विणकरांच्या सोसायटीत कारकुनी करत होतो. सिंगापूरच्या एका प्रदर्शनात हातमाग मांडून दाखवायला दोन माणसं पाठवायचं सोसायटीनं ठरवलं. मला मागावर बसता येत होतं आणि मोडकंतोडकं इंग्रजीही येत होतं. असा दुहेरी गुणांचा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता, म्हणून माझा नंबर लागला. गल्लीत कोणी हार घातला, कोणी ट्रान्झिस्टर आणायला सांगितला. माझ्या बहिणीनं काहीच सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी सुताच्या कांड्या भरता भरता, मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "दादा, त्यांले एकदाचं विचारून ये."

काय विचारायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. माझा लहानपणापासूनचा मित्र तिचा होणारा नवरा होता. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. ते होऊन तीन वर्षं होत आली होती. तो आधी हिंगण्याला कारखान्यात फिटर होता. साक्षगंध झालं आणि थोड्याच दिवसांत त्याला सिंगापूरच्या जहाजाच्या गोदीत काम मिळालं. सहा महिन्यांनी येतो आणि लग्न करतो, असं सांगून गेला. मग पुढच्या दिवाळीत येतो म्हणाला. मग दिवाळी कोणती, ते सांगायचं त्यानं सोडून दिलं. गल्लीतल्या बायका माझ्या बहिणीला नळावर विचारायच्या, "काहून वं, तारीख निघाली का नाही?" ती हसून घागर उचलायची. मला त्या बायकांचा राग यायचा, त्याचा मात्र येत नव्हता. त्याचा राग करायची मला सवयच नव्हती.

आम्ही एका ताटात जेवून वाढलो होतो. त्याचे वडील लवकर गेले, माझेही. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. रविवारी मावशी सावजी मटण करायची, काळ्या मसाल्याचं, तर्रीदार. नाकाडोळ्यांतून पाणी काढत आम्ही दोघं जेवायचो आणि वर पुन्हा रस्सा मागायचो. साक्षगंध झालं आणि ते एका दिवसात बंद झालं. मुलीच्या सासरी तिच्या बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, तिला मूलबाळ होईपर्यंत तर नाहीच, ही आमच्या घरची रीत. बाप नव्हता, म्हणून बापाच्या जागी मी. माझ्या आईनं तर ती रीत लग्नापर्यंतही थांबू दिली नाही, साक्षगंधापासूनच लागू केली. मावशी चिडायची. "मेल्या, कालपर्यंत माह्या हातची भाकर पळवत होता, आज पाण्यानं विटाळला का बे?" मी म्हणायचो, "आता आपण सोयरे झालो, मावशी." आणि तिच्या दारात उन्हाळ्याचा, घशाला कोरड पडलेला बसून राहायचो. खरं सांगायचं तर त्या कोरड पडण्यात एक ऐट होती. माझी बहीण या घरात येणार, असं ती कोरड सांगायची.

प्रदर्शनात मला एक सुट्टी मिळाली. त्याला आधी कळवलं होतं, सकाळीच पत्रावरच्या पत्त्यानं त्याची खोली शोधून काढली. तो दारातच उभा होता. मला पाहून धावत आला आणि मिठी मारली. "कसा आहे बे? वजन वाढलं तुह्यं!" अंगावर फुलाफुलांचा शर्ट, केस मानेपर्यंत. खोलीत त्याच्याबरोबर एक तमिळ माणूस राहायचा, भला होता. त्यानं लगेच चहा करून माझ्यासमोर ठेवला. मी कप हळूच बाजूला सरकवला. तो बिचारा गोंधळला. मित्राकडे पाहिलं, तर त्यानं ते बघितलं होतं. पण तो काही बोलला नाही, खिडकीकडे वळला आणि बुटाची नाडी बांधू लागला.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! याला रीत आठवते आहे, म्हणून गप्प बसला, असंच मला वाटलं. जावई शोभतो, असं मनात म्हणून मी निम्मी काळजी तिथंच टाकली. आपलाच माणूस गप्प बसला, तर आपण त्याचा हवा तो अर्थ लावतो. आमच्या गल्लीत तर मौनाला होकारच धरतात.

मग त्यानं मला जे फिरवलं, ते विचारू नका. आधी समुद्र दाखवला. तोवर पाणी म्हणजे आमचा भरलेला अंबाझरी तलाव, एवढीच माझी धाव. मी बघत राहिलो, तो माझ्याकडे बघून हसत राहिला. पक्ष्यांच्या बागेत नेलं. तिथं काकाकुवे छोट्या सायकली चालवत होते. "आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा हुशार आहेत न?" तो म्हणाला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात बसवलं, खाली खोल पाणी, वर मी डोळे गच्च मिटलेला. तिथं वर, दुसरं कोणी नव्हतं तेव्हा, मी म्हणालो, "बरं, आता तारखेचं सांग गा."

"खाली पाह्य, खाली पाह्य! ते जहाज दिसते का? त्याची दुरुस्ती आमीच केली."

मी जहाज पाहिलं.

दुपारी एका खाऊगल्लीत जेवलो. ओळीनं गाड्या, वाफा, आरडाओरडा. काडीला टोचून भाजलेलं मटण आलं, सोबत शेंगदाण्याची गोड चटणी. मटणाला गोड चटणी! सावजीवर पोसलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. मी तसं बोललोही. तो म्हणाला, "सवय होते." मग तो एका गाडीवर गेला. तिथं शेवया करणारी एक तरुण चिनी बाई होती. तिनं त्याला काय हवं ते विचारलंच नाही, एक वाडगा भरला आणि त्यावर लाल मिरचीचा ठेचा पळीभर जास्त घातला. माझ्याकडे पाहून मान लववली. रोजचं गिऱ्हाईक, मला वाटलं. नागपुरातही पोहेवाला असाच, न सांगता तर्री वाढवून देतो. शेवया खाता खाता मी पुन्हा विषय काढला. "बहीण म्हणे, एकदाचं विचारून ये. घरी मायले तोंड दाखवायचं आहे मले."

"सांगतो न गा. आजचा दिवस तरी मजेत जाऊ दे."

मग मजेत जाऊ दिला. बाजार हिंडलो. बहिणीसाठी त्यानं रेशमी रुमाल घेतला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळ होता होता त्यानं मला एका बारमध्ये नेलं. लाल-निळे दिवे, काचेचा गोळा फिरतोय, आणि चमकीचा झगा घातलेली एक बाई माइकवर गात होती. आमच्या इकडे रात्रीची करमणूक म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडईत, त्या जत्रेत होणारी दंडार, गड्यांनीच लुगडी नेसून नाचायचं. इथं बाईच बाईसारखी गात होती, तर मला कुठं पाहावं ते समजेना. मी लिंबाचं सरबत घेतलं, त्यानं बिअर घेतली. मग आणखी घेतली. तिसऱ्या खेपेला मी ग्लासवर हात ठेवला.

"का झालं बे तुले? सकाळपासून पळून राहिला माह्यापासून."

तो दिव्यांकडे पाहत राहिला. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चाल," तो म्हणाला. "एका घरी नेतो तुले."

दहा-बारा मजल्यांची इमारत होती. लिफ्टनं वर गेलो. दार उघडलं ते शेवयांच्या गाडीवरच्या बाईनं. मला हसू आलं, ही कशी इथं? तिनं आम्हाला बसवलं, आत गेली आणि काचेच्या ग्लासात पाणी घेऊन आली. दिवसभराच्या उन्हानं आणि त्या गोड मटणानं माझा घसा सुकला होता. परक्या घरचं पाणी प्यायला मला कसली बंदी? मी हात पुढं केला.

"थांब," मित्र म्हणाला. "आधी ऐकून घे. हे घर माह्यं आहे."

मी हात मागे घेतला. इतका तो नेम अंगवळणी पडला होता. म्हणालो, "मंग नाही चालत न बे मले."

"चालते," तो म्हणाला. "आता चालते तुले. पी."

मला लगेच कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो लहान मुलासारखं ओठ आत ओढून बसला होता. मग त्या बाईकडे पाहिलं. दुपारी ती गाडीमागे उभी होती, म्हणून दिसलं नव्हतं. तिला दिवस गेले होते, सहावा-सातवा महिना असेल. तिला आमची भाषा येत नव्हती. ती दोन्ही हातांनी ग्लास धरून, हसून, नवऱ्याच्या देशाहून आलेल्या माणसानं पाणी घ्यायची वाट बघत होती.

मी ग्लास फेकायला हवा होता, असं पुष्कळ जण म्हणतील. माझ्याही मनात आलं. तोंडात शिव्या आल्या, नागपुरी शिव्या काही कमी नाहीत. पण समोर पोटुशी बाई उभी. तिचा काय दोष? मी ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यालो. तीन वर्षांनी त्याच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरलं. माझ्या बहिणीचं साक्षगंध मोडलं ते तिथं, त्या घोटांनी, आणि मोडणारा मीच. तिच्या बापाच्या जागेवर बसलेला.

तो खाली सोडायला आला. इमारतीखाली माझा हात धरून रडला. "मार मले, शिव्या दे. सांगायची हिंमत नव्हती होत गा, म्हणून सकाळी जुन्या खोलीवर बोलावलं तुले. रोज ठरवून राहिलो होतो." मी हात सोडवून घेतला. मी त्याला मारलं नाही. माझं बहिणीवर आणि त्याच्यावर, दोघांवर प्रेम होतं आणि एका दिवसात दोघांकडूनही मी उपरा झालो. मी वळलो तर मागून म्हणतो, "माह्या मायले तूच सांगजो. तुह्यं ऐकते ते." निर्लज्ज! रुमाल मी तिथंच एका बाकावर टाकून दिला.

मद्रासपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं नागपूरला आलो. सगळ्या वाटेत वाक्यं जुळवत होतो, एकही जुळलं नाही. घरी पोचलो तेव्हा आई देवळात गेली होती. बहीण चरख्यापाशी बसली होती. तिनं उठून पाय धुवायला पाणी दिलं आणि पुन्हा जाऊन बसली. म्हणाली, "काय काय पाहिलं रे?" मी समुद्राचं सांगितलं, काकाकुव्यांचं सांगितलं. ती ऐकत होती. मग चरख्याचं चाक तिनं हातानं थांबवलं. "लग्न केलं का त्यांनी?"

"हाव," मी म्हणालो. "लेकरू व्हायचं आहे."

मला वाटलं होतं ती कोसळेल. तिनं सूत तुटलेलं पाहिलं, गाठ मारली आणि विचारलं, "मावशीले माहीत आहे?"

"नाही. मी सांगतो जाऊन."

"तू नको. मी सांगते."

मावशीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते. माझी बहीण या तीन वर्षांत रोज दुपारी तिच्याकडे जायची, तिचे केस विंचरायची, तांदूळ निवडून द्यायची, डोळ्यांत औषध घालायची. लग्नाआधी असं जाऊ नये म्हणून आई कुरकुरायची, पण मावशीला दुसरं कोण होतं? रोजच्या वेळेला ती गेली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. मावशीचं रडणं ऐकू येईल म्हणून कान देऊन होतो, पण काहीच ऐकू आलं नाही. दिवेलागणीला बहीण परत आली. डोळे कोरडे होते.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. माह्या तोंडावरून हात फिरवत बसली. औषध घालून दिलं तिले, भात टाकून दिला." ती उंबऱ्यावरच बसली. "मंग म्हणे, बाई, तुह्यं दुसरीकडे जमवा लागते आता. लोकं नावं ठेवतीन. उद्यापासून येऊ नको."

एवढं बोलली आणि मग ती रडली.