गावस सरांनी घातलेलं गाऱ्हाणं

गावस सर प्राचार्य म्हणून आमच्या कॉलेजात रुजू झाले त्या सकाळी मी व्हरांडा पुसत होते. सर डिचोलीच्या बसमधून उतरून पायऱ्या चढले. मी म्हटलं, "थांबा, लादी ओली आसा." हे नवे प्राचार्य हे मला माहीत होतं. पण लादी ओली होती म्हणजे ओली होती. सर थांबले. आत संस्थेचे अध्यक्ष हार घेऊन उभे. त्यांनी दारातून हाक मारली, "अहो गावस, येयात मरे!" सर तिथूनच म्हणाले, "येतो, पण सुकूंदे." आणि पायऱ्यांच्या कडेला बसून त्यांनी मला नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं विचारलं. अध्यक्षांच्या हातातला हार तेवढा वेळ लोंबत राहिला.

सरांना साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. ग्रंथाच्या समितीतले प्राध्यापक मला म्हणाले, "सुनंदाबाय, तुम्ही फक्त सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले आहे, माझं मी लिहीन. तुम्ही लिहिलंत तर 'ज्ञानसूर्य' वगैरे घालाल आणि सर ओळखायला येणार नाहीत.

सर डिचोलीकडच्या लाटंबार्शेचे. घरची भातशेती आणि काजू. इथे पेडण्यात कॉलेजला येईपर्यंत दोन बस बदलाव्या लागतात, तरी प्रार्थनेच्या आधी सर गेटवर हजर. ॲडमिशनच्या दिवसांत केबिनमध्ये बसत नाहीत. टेबल बाहेर जांभळाखाली मांडून घेतात. हरमलचा एक मासेमार मुलीला घेऊन आला आणि गेटपाशीच घुटमळत राहिला. कपड्यांना मासळीचा वास, म्हणून आत यायला लाजत होता. सर उठून त्याच्यापाशी गेले, मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सह्या केल्या आणि म्हणाले, "आज इसवण गावलो काय?" ती मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा बाप गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसतो.

वर्षाच्या पहिल्या स्टाफ मीटिंगला पूर्वी आम्ही चहा देऊन बाहेर जायचो. सरांनी आमच्यासाठी खुर्च्या मांडायला लावल्या. खरं सांगते, मला ते काही आवडलं नाही. शिकलेल्या माणसांना बोलायला लागल्यावर थांबायचं कळत नाही. त्या दिवशी एका सेमिनारच्या नावावर इतका वेळ गेला की मी उठलेच. सर म्हणाले, "सुनंदाबाय, काय झालं?" मी म्हटलं, "सर, नाव काय ते ठेवा, पण चहाचं दूध नासत आहे." सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तेव्हापासून दूध तापायच्या आत मीटिंग संपवायची असा सरांचा नेम आहे. प्राध्यापकमंडळी माझे उपकार मानतात. उघड मानत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

माझी सासू इस्पितळात होती तेव्हा सर पेजेचा डबा घेऊन आले. मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोने, करून दिली होती, सोबत आंब्याचं लोणचं. सासूने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं. नंतर चार दिवसांनी सर मला कॉरिडॉरमध्ये हळूच म्हणतात, "सुनंदाबाय, तेवढा डबा. घरी विचारणा होते आहे." कॉलेज चालवणारा माणूस डब्याला घाबरतो, हे तेव्हा मला कळलं.

आता मुख्य गोष्ट.

मी आणि आणखी दोघी, अशा आम्ही तिघी संस्थेच्या टेंपररी बायका. झाडलोट, पाणी, चहा, परीक्षेला बाकं लावणं, सगळं आमच्याकडे. मागच्या वर्षी व्यवस्थापन मंडळात विषय निघाला की हे काम पणजीच्या कुठल्याशा एजन्सीला द्यावं. म्हणजे आम्ही घरी. सर प्रत्येक सभेत विरोधात बोलले. हेडक्लार्क येऊन सांगायचे, "सर आज पण बोलले." मी विचारायची, "मग काय ठरलं?" तर म्हणे, विषय पुढे ढकलला. असं किती दिवस टांगून राहायचं? मी सरळ केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, जायचं असेल तर आज सांगा, आज जाते. रोजचं मरण नको." सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "सरस्वतीपूजनाला तिघी पुढे उभ्या राहा."

आमच्या कॉलेजात सरस्वतीपूजनाला आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इथल्या माणसाच्या तोंडात ते लहानपणापासून बसलेलं असतं. गाऱ्हाणं घालायचे ते आमचे जुने शिपाई नाना. त्या वर्षी नानांचा घसा बसला. सर पुढे झाले. "मी घालतो."

सरांचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही अशी पोरांची तक्रार. पण त्या दिवशी गेटपर्यंत गेला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांचो निकाल बरो लागांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सरकाराकडे अडकलेली मास्तरांची पदां सुटांदे म्हाराजा!"

इथे प्राध्यापकांचा आवाज एकदम चढला.

"ह्या घराची जी झाडलोट करतत, पाणी भरतत, तीं ह्याच घराची म्हणून रवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि एजन्सी नावाची जी काय इडापिडा पणजीसून येवक निघाली आसा, ती बारा वाटांनी परत धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा. ते पेडण्याच्या बाजारातले जुने व्यापारी, गावच्या देवळात पहिल्या रांगेत उभे राहणारे. म्हणून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मग मागून एक पोरगी फिसकन हसली आणि सगळा हॉल हसू लागला.

अध्यक्ष म्हणाले, "गावस, हे माझ्या तोंडून वदवून घेतलंत?"

सर म्हणाले, "मी खंय? सगळ्यांत मोठ्यान तुम्हीच म्हटलात."

"देवाकडे म्हटलां. आता फिरूक येयना," असं म्हणून अध्यक्ष कपाळ धरून स्वतःच हसायला लागले. त्यांचंही कौतुक करायला हवं. दिलेला शब्द त्यांनी पाळला. पुढच्या सभेत एजन्सीचा विषय काढून टाकला आणि आम्हा तिघींना कायम ठेवल्याचा ठराव झाला.

प्रसाद वाटताना मी सरांना म्हटलं, "सर, शेवटी देवाला कामाला लावलंत?" सर म्हणाले, "काय करू? सभेत कोणी व्हय म्हणत नाही. इथे म्हणायची सवय आहे." आणि माझ्याकडून पंचखाद्य दुसऱ्यांदा मागून घेतलं. साखर वाढलेली असताना.

सर, तुमचा सत्कार होणार, भाषणं होणार, चहा थंड होणार. मला भाषण येत नाही. गाऱ्हाणं मात्र नानांचं इतकी वर्षं ऐकलं आहे, तेच घालते.

बा देवा म्हाराजा, आमच्या गावस सरांका उदंड आयुष्य दी. त्यांचे गुडघे बसच्या पायरीक दुखूंक नयेत. साखर ताब्यात रवांदे, मॅडमचे डबे वेळेवर परत जावंदेत. शंभरी भरली तरी सरस्वतीपूजनाक त्यांचो आवाज गेटपर्यंत ऐकू येवंदे. आणि सरांच्या मागसून त्या खुर्चीर जो कोण बसतलो, तोय लादी सुकेपर्यंत भायर थांबांदे म्हाराजा.

अध्यक्षसाहेब, हे तुम्हीही वाचता आहात ते मला माहीत आहे. मनात नको. मोठ्याने म्हणा.