एका माणसाचा विभाग

शनिवार, मार्चअखेर. हजर: मी, हिशेब बघणारे काका, खरेदी बघणारे गृहस्थ, आणि माल पाठवायचं काम बघणारी, आमच्यात सगळ्यांत लहान, मला ताई म्हणणारी सहकारी. गैरहजर: धाकटे शेठ, ज्यांनी आम्हाला थांबवून ठेवलं होतं.

जागा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याचा पोटमाळा. त्यालाच आम्ही ऑफिस म्हणतो.

खालचा कारखाना भोंगा वाजला की रिकामा होतो. तिथल्या माणसाला जास्त थांबवलं तर दुप्पट दरानं पैसे मोजावे लागतात, म्हणून मोठे शेठ स्वतः जिन्यात उभे राहून ‘चलो चलो, बंद करो’ म्हणतात. पोटमाळ्यावरची माणसं फुकट. पूर्वी आम्हालाही ओव्हरटाइम होता. मग धाकटे शेठ परदेशात शिकून आले आणि एका दुपारी केक कापून त्यांनी आम्हा चौघांना एक्झिक्युटिव्ह करून टाकलं. काम तेच, टेबलं तीच, काडीनं ढकलल्याशिवाय न फिरणारा पंखाही तोच. वर प्रत्येकाला छापील कार्डांची एक डबी. एक्झिक्युटिव्हला ओव्हरटाइम नसतो, हे केक संपल्यावर सांगितलं.

काकांनी त्याच आठवड्यात इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या घराच्या दारावर पितळी पाटी लावली, नावाखाली हुद्दा. खरेदीवाल्यांनी पहिलं कार्ड भाजीवाल्याला दिलं. त्यानं त्यावर मिरच्यांचा हिशेब केला.

अलीकडे ऑफिसातल्या पगारी माणसांनाही ओव्हरटाइमच्या कायद्यात आणायची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या इमारतीतल्या वकिलांना गाठलं. त्यांनी सरळ सांगितलं: लेबर ऑफिसात हुद्दा काय छापलाय ते बघत नाहीत, दिवसभर करता काय ते बघतात. चौघांनी आपापलं रोजचं काम खरंखरं लिहा, खाली सही करा आणि एकत्र द्या. चौघांचा हुद्दा एकच. तिघे म्हणाले आम्ही अधिकारी, तर चौथीचं कोण ऐकणार?

चौथी म्हणजे माल पाठवणारी. तिची तीन वर्षांची लेक गोडदेवच्या एका पाळणाघरात असते. नवऱ्याची शिफ्ट, सासर साताऱ्याला. पाळणाघरवाल्या काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, एप्रिलपर्यंत सांभाळून घेते, त्यानंतर हा रोजचा उशीर चालणार नाही, मुलीला दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही. म्हणजे नोकरी सोडायची. तिला जास्तीचे पैसे नकोच होते. आम्हाला थांबवणं महाग झालं की शेठ आम्हालाही वेळेवर हाकलतील, एवढंच तिचं म्हणणं.

तर त्या संध्याकाळी, धाकट्या शेठनी मागितलेलं वर्षअखेरचं स्टेटमेंट आपापल्या टेबलावर बनवता बनवता, मी तिघांपुढे कोरे कागद ठेवले. माझा आधीच लिहून झाला होता.

तिनं भराभर लिहिलं. चलन बनवणे, टेम्पोवाल्यांना फोन करणे, खोक्यांवर लेबल चिकटवणे. सही.

काका बराच वेळ लिहीत होते. मी कागद उचलून वाचला. ‘संपूर्ण लेखा विभागाचे नेतृत्व.’

“काका, तुमच्या हाताखाली कोण आहे?”

“विभाग आहे.”

“विभागात कोण आहे?”

“म्हणजे… मी.”

खरेदीवाल्यांनी लिहिलं होतं, ‘टीमला मार्गदर्शन.’

“कुठली टीम हो?” ती म्हणाली. “तो चहावाला मामा? तो तर माझी पण टीम आहे.”

“तुला नाही कळायचं,” खरेदीवाले म्हणाले. “आपण वाटाघाटी करतो.”

पत्र्याचा भाव मोठे शेठ फोनवर ठरवतात. हे गृहस्थ तो वहीत उतरवून घेतात. याला वाटाघाटी म्हणायचं असेल तर आमचा मामाही दुधाच्या वाटाघाटी करतो.

“अहो, जे करता तेच लिहा ना,” मी म्हटलं. “बिलं चढवता, बिलं चढवतो लिहा. त्यावरच सगळं अवलंबून आहे.”

काकांनी पेन टेबलावर आपटलं. “कारकून म्हणून सही करू? मुलासाठी स्थळं बघतोय मी. बायोडेटात वडील अधिकारी लिहिलंय. मुलीकडच्यांना कळलं तर?”

“मुलीकडचे काय लेबर ऑफिसात जाणार आहेत?”

“आजकाल लोक काहीही करतात.”

एवढ्यात खालच्या कारखान्याचे, गोडदेवला राहणारे फोरमन किल्ल्या द्यायला वर आले. अंगावर धुतलेला शर्ट, हातात डबा. आम्हा चौघांकडे बघून म्हणाले, “अजून बसल्यात? साहेब लोकांना घर हाय का न्हाय?” आणि हसत जिना उतरून गेले. काका मात्र ‘साहेब’ ऐकून सुखावले. मी त्यांचा चेहरा बघितलाय.

मग धाकट्या शेठचा फोन, स्पीकरवर. “अरे, आप लोग तो मॅनेजमेंट हो यार. मॅनेजमेंट घडी नहीं देखती. स्टेटमेंट आज ही चाहिए.”

“जी सर,” काका म्हणाले. उभं राहून म्हणाले. फोनसमोर.

लगेच तिचा फोन वाजला. ती जिन्यात गेली तरी ऐकू येत होतं. “निघालेच काकू, खरंच निघालेय. रडतेय का? तिला द्या ना जरा.” मग ती आत आली, पर्स उचलली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती गेली, तिचं स्टेटमेंट मी पुढे ओढलं.

“हे बरंय,” काका म्हणाले. “आम्ही इथे बसायचं आणि…”

“मॅनेजमेंट घड्याळ बघत नाही, काका. बसा.”

सोमवारी खरेदीवाले निमूटपणे नवा कागद घेऊन आले. बायकोला पहिला वाचून दाखवला होता म्हणे, ती ‘टीम’पाशीच हसत सुटली. नव्या कागदावर होतं, भाव उतरवून घेणे, पावत्या लावणे. सही. चला, एका घरात तरी अक्कल शाबूत आहे.

काका म्हणतात, मुलाचं ठरू दे, मग लिहितो. दोन स्थळं येऊन बघून गेली, पाटीचं कौतुक करून गेली, परत फिरकली नाहीत. एप्रिल निम्मा सरलाय. ती आता रोज आपल्या टेबलाची एकेक वस्तू घरी नेतेय: आधी तिची बाटली, मग खुर्चीवरची उशी, काल लेकीचा फोटो. विचारलं तर म्हणते, “काही नाही ताई, आवरतेय जरा.”

आज सकाळी काकांच्या टेबलावर मी पुन्हा कोरा कागद आणि पेन ठेवलं. दुपारी पाहिलं तर कागदावर चहाचा कप होता.

तीन कागद माझ्या खणात तयार आहेत. काकांचा बाकी.