मळीच्या टाकीत मरियाची जागा

माझा धाकटा भाऊ गिदोन याने बायकोला अणुबाँबपासून वाचवायचं ठरवलं आणि त्या भानगडीत तिचा खुबा मोडला. गोष्ट एवढीच आहे. पण देवळाली प्रवऱ्यात ती सांगताना लोक हसतात. मला ते हसणं आवडत नाही, म्हणून जे झालं ते सरळ लिहून टाकते.

गिदोन जन्मभर साखर कारखान्यात बॉयलरवर होता. पाळीचा भोंगा तोच द्यायचा. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका त्याच्या भोंग्यावर भात चढवायच्या, आणि याचा त्याला कलेक्टर असल्यासारखा तोरा होता. चर्चमध्ये कुणी उशिरा आलं की तो असा बघायचा, जणू त्याचा पगारच कापणार आहे. नोकरीत असताना एकदा वाफेचा नळ फुटला आणि आसाराम नावाचा त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांसमोर शिजला. शिजला, हाच शब्द. तो मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. तेव्हापासून गिदोन चहासुद्धा कोमट करून पितो.

निवृत्त झाल्यावर हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये बाँब. पहिल्या झळेतून वाचलात तर जमिनीखाली जा, दोन आठवडे वर येऊ नका, वरची राख अंगाला लागू देऊ नका, असं सांगणारे व्हिडिओ तो दिवसभर बघायचा. नगरला लष्कर आहे, रणगाडे आहेत, म्हणजे पहिला बाँब नगरलाच, हे आमच्याकडे चहाच्या टपरीवर सगळेच म्हणतात आणि पुढचा घोट घेतात. गिदोनला तो घोट काही गिळता आला नाही.

दुसऱ्या कुणी खड्डा खणून विटा रचल्या असत्या. पण कारखान्यातल्या माणसाचा विश्वास लोखंडावर. त्याने भंगारातून मळीच्या टँकरची जुनी टाकी आणली आणि जेसीबी लावून परसात गाडली. वर कंबरभर काळी माती. हवेसाठी दोन नळ, नळांना फडक्याच्या गाळण्या. आत फळ्यांचे बाक, पाण्याचे ड्रम, फुटाणे आणि गुळाची अख्खी ढेप. कितीही धुतली तरी टाकीला मळीचा आंबूस वास यायचा आणि मुंगळ्यांची रांग काही हटायची नाही. टाकी धुणारा माणूस ज्या गोल तोंडातून उतरतो, तेवढीच आत जायची वाट. शेजारच्या अलीम वेल्डरने त्या तोंडाला लोखंडी गळा जोडून तो मातीच्या वर काढून दिला.

गिदोन उतरला. मुलगा मार्क उतरला, सून प्रार्थना उतरली. मरिया उतरेना. ती त्या तोंडातून जातच नव्हती.

मरिया माझी भावजय. थायरॉइड, मधुमेह, गुडघे, सगळं एका अंगात. चर्चमध्ये तिचा आवाज लागला की पुढच्या बाकावरची पोरंटोरं गप्प व्हायची. अंगाने भरपूर, चालायला सावकाश, आणि खाण्यावर मनापासून प्रेम.

अलीम म्हणाला, "काका, तोंड कापून मोठं करतो. जेवायच्या आत काम हुईल."

"तोंड मोठं म्हंजी झाकण मोठं. झाकण मोठं म्हंजी फट मोठी. बॉयलर मी बघितल्यात, तू न्हाई."

"मग काकूंचं काय?"

"ती बारीक हुईल," गिदोन म्हणाला.

आणि मग मरियाला बारीक करायचं काम सुरू झालं. सकाळची न्याहारी बंद. भाकरी अर्धी. चर्चमधला चहा चालेल, बिस्किट नाही. मधुमेहाच्या गोळ्या मात्र तेवढ्याच चालू, कारण गोळ्यांनी माणूस जाड होत नाही, असं याचं शास्त्र. साखर उतरून तिचे हात कापायला लागले. गुळाचा खडा तोंडात टाकावा, तर घरातला सगळा गूळ टाकीत नेऊन ठेवलेला, आणि टाकीत तिला जाता येत नव्हतं.

बांधकामाची तार वाकवून गिदोनने टाकीच्या तोंडाच्या मापाचं एक कडं केलं. दर रविवारी उपासनेहून आल्यावर मरियाने ओसरीवर हात वर करून उभं राहायचं आणि त्याने ते कडं वरून खाली सरकवायचं. ते कमरेशी येऊन अडायचं. भिंतीपलीकडे बायका जमायच्या.

"मरियाबाई, पास का नापास?"

"पोटाच्या पेपरात ऱ्हायले गं," मरिया म्हणायची आणि स्वतःच आधी हसायची. आधी आपणच हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, एवढं तिला कळत होतं.

मी नगरहून गेले तेव्हा हा तमाशा डोळ्यांनी पाहिला. म्हटलं, "गिद्या, बायको आहे का कारखान्याचा पाईप?"

"अक्का, मला हौस हाय का? तिला वर ठिवून मी खाली बसू? आसाराम बघितलाय मी."

"मग तोंड काप."

"तुला बॉयलरमधलं काय कळतं?"

तिला वर ठेवायचं नाही, हे त्याचं खरं होतं. यालाच प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही. त्या दिवशी भांडी घासताना मरिया मला हळूच म्हणाली, "वन्सं, डोळं मिटलं की पाव दिसतो. लोणी लावल्याला." आणि लगेच, "पण त्यांना सांगू नका. त्यांचा जीव हाय माझ्यावर." मी तिला माझ्या पर्समधलं चॉकलेट दिलं. तिने ते कागदासकट तोंडात घातलं आणि कागद नंतर काढला.

शेवटी एका रविवारी कडं पायापर्यंत खाली आलं. गिदोनने टाळ्या वाजवल्या. पण गोल कडं तिच्या कमरेवर लांबट होऊन उतरलं, हे कुणी बघितलं नाही. तार वाकते, लोखंडी गळा वाकत नाही. खऱ्या तोंडातून तिला उतरवून बघायचं, तर झाकणाला नवीन रबर चिकटवून ते सुकेपर्यंत आवळून ठेवलेलं. आणि गिदोनला बघायची गरजही वाटली नाही. मापावर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास.

त्याच आठवड्यात, मे महिन्यात, सीमेवर भडका उडाला. शहरांतून हवाई हल्ल्याचे सराव होत होते, आमच्या गावाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हा गिदोनकडेच होते. दिवेलागणीला गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलवर आलं, "दिवे घालवा, नगरवर येतंय." दिवे गेले. गिदोनने हाताने फिरवायचा भोंगा काढला आणि असा फिरवला की कुत्री रडायला लागली.

मार्क आणि प्रार्थना खाली उतरले. शिडीवर मरियाचे पाय धरायला गिदोन तिच्या आधी उतरला. खालून ओरडला, "अक्का, तूबी चल."

"चहा पिऊन येते," मी म्हटलं.

मरिया आत शिरली. कमरेपर्यंत गेली आणि बसली. खाली जाईना, वर येईना. बाटलीला बूच बसावं तशी. हवेच्या नळांच्या गाळण्यांवर मुंगळ्यांचा थर बसलेला, आणि उघडं असलेलं एकच भोक तिने बुजवलेलं. आतून प्रार्थनाचं रडणं मातीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

अलीम टॉर्च आणि दुकानातली दोन माणसं घेऊन धावत आला. "काकू, हात द्या, वर घेतो."

आतून गिदोन ओरडला, "वर न्हाई! खाली घ्यायचं! वर बाँब हाय!"

"काका, बाँब-बिंब काय न्हाई, अफवा हाय!"

"तुला कुणी सांगितलं? पाकिस्ताननी?"

अलीम एक क्षण थांबला. तेलाची किटली आणायला निघालेली त्याची माणसंही थांबली. मग त्याने मरियाच्या काखांत हात घातले. त्या क्षणी मला भावाची जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अलीम वर ओढत होता. गिदोन तिच्या पायांना खालून लोंबकळला. अक्षरशः लोंबकळला, अख्ख्या वजनानिशी. मी ओरडले, मार्क आतून ओरडला, "पप्पा, सोडा!" त्याने सोडलं नाही. त्याच्या डोक्यात वरून आग येत होती आणि मरिया अर्धी बाहेर होती. मरिया मात्र ओरडत नव्हती. "अहो, सोडा ना, अहो," एवढंच, चारचौघांत बोलावं तशा हळू आवाजात. मग कड्‌ असा आवाज आला, उसाचं वाळलेलं पेर मोडल्यासारखा. त्यानंतर ती ओरडली.

मार्कने बापाला बाजूला ढकललं आणि खालून तिला उचललं. कमरेभोवती तेल ओतून तिला वर काढलं तेव्हा कातडीचे दोन पट्टे गळ्याच्या लोखंडाला राहिले. तोवर गल्लीत दिवे परत आले होते. पलीकडे कुणीतरी टीव्हीवर मालिका लावली.

नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. खुब्यात सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, जिना, शिडी आता विसरा. आणि हिला एवढं उपाशी का ठेवलं, असंही विचारलं.

ती घरी आल्यावर गिदोनने स्वतः जाऊन अलीमला बोलावलं. अलीम आला, हे अलीमचं मोठेपण. टाकीचं तोंड कापून मोठं केलं. जेवायच्या आत काम झालं. मग गिदोनने जाड कापडाची झोळी शिवून घेतली, वर कप्पी बसवली, आणि मरियाच्या खाटेपाशी येऊन बसला. मी तिथेच कोथिंबीर निवडत होते.

"आता शिडी नको. झोळीत घालून अलगद उतरवतो. बघ तर एकदा."

मरिया प्रार्थनाने वाढलेलं जेवत होती. घास गिळून म्हणाली, "मला वरच ऱ्हाऊ द्या."

"अगं, बाँब पडला तर?"

"पडू द्या."

"जळशील."

"दोन आठवडं खाली ऱ्हायचं ना? तुमच्यासंगं?" तिने ताट पुढे सरकवलं. "न्हाई, मी जळते. प्रार्थना, अजून थोडा भात घाल गं."

गिदोन उठला आणि परसात गेला. प्रार्थनाने भात घातला, वर आमटी घातली, आणि मरिया शांतपणे जेवत राहिली.