पाण्यातलं तंगूस

परवा लेक माळ ओवत बसली होती. तंगूस, म्हणजे तो काचेसारखा नायलॉनचा धागा, माझ्या मनगटाला गुंडाळला गेला आणि मी तो ओरबाडून काढला.

आमच्या गावच्या तलावात बाबा मासे धरायचा. सुती जाळं दिसायचं, मासे वळसा घालून जायचे. मी लहान असताना एका हिवाळ्यात त्यानं चंद्रपूरहून तंगुसाचं जाळं आणलं. "पाण्यात टाकलं का दिसतच नाई," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

दुसऱ्याच दिवशी मी कमळाचे कांदे काढायला बुडी मारली. पाणी नितळ होतं, ऊन तळापर्यंत पोचलं होतं. समोर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यानं माझा पाय धरला. हिसडा दिला तसा हातही गुंतला. डोळे उघडे होते, तरी मला कोण धरतंय ते दिसेना.

आता कारण ठाऊक आहे. तंगूस उजेड शोषत नाही, विखरत नाही. पाण्यात तर उजेडाला त्यातून जाताना फारसं वळावंही लागत नाही. ऊन त्यातून सरळ माझ्यापर्यंत येत होतं. मला मात्र वर जाता येत नव्हतं.

वर जाळ्याची तरंगती भेंडं हलली. मोठी मासोळी फसली समजून बाबानं डोंग्यातून, त्याच्या लहानशा होडीतून, जाळं ओढलं. माझं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. मग त्याला गाठच सुटेना. दातांनी धागे तोडत तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "तुले दिसलं नाई काऊन, पोरी? दिसलं नाई काऊन?"