हेलीची मान

मी निघाले तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, खाटेवर होता. तो तेहतीस वर्षं खाटेवरच होता, त्यात नवं काही नाही. पण पाया पडायला वाकले आणि आशीर्वादाला त्याचा हात उठेना, तेव्हा मलाच राहवेना. शेवटी मीच त्याचा पंजा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. केवढा जड पंजा, बाई! बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. दादा म्हणाला, "रडू नको गं. आपली पाठ अजून लागलेली नाही." पैलवानाचं बोलणं ते, पाठ मातीला लागली की हरला. वहिनीनं पदराला डोळे पुसले, मी पिशव्या उचलल्या, आणि सांगली जिल्ह्यातनं जी सुटले ती ऑकलंडला येऊन टेकले. सुनीता, माझी लेक, इथं नर्स आहे. माझा नवरा गेल्यावर तिनंच बोलावून घेतलं. त्याला आता दहा वर्षं झाली. दादा दुसऱ्याच वर्षी गेला, ते मी फोनवर बघितलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे तो व्हिडिओ. तिकडं तुम्ही सगळ्यांनी बघितलात, हसलात, "म्हातारपणी आखाड्यात उतरलीस काय?" म्हणून विचारलंत. इकडचेही हसले. हसा बापडे. पण काय झालं ते एकदा माझ्याकडनं ऐका.

आमच्या घरामागं स्लीपआउट आहे, म्हणजे अंगणातली सुटी खोली. तिथं सुनीतानं हेलीला भाड्यानं ठेवलं. हेली अमेरिकेची, ओहायोच्या कुठल्याशा लहान गावची, वय तेवीस. धंदा कुस्तीचा. टीव्हीवर असते ती, झगमगीत कपड्यांची. दिवसा ईस्ट टामाकीला गोदामात खोकी उचलायची, संध्याकाळी तिथल्याच एका शेडमध्ये सराव. तिच्या देशात तिच्यासारख्या शेकड्यानं पोरी, म्हणून इथं येऊन नाव करायचं आणि इथनं जपानला जायचं, असा तिचा हिशेब. तिथं वर्षाचा करार मिळाला की माणूस मार्गी लागलं म्हणे.

मी आधी नाक मुरडलं. आमचे आबा, म्हणजे वडील, तालमीचे वस्ताद. आमच्या घरात नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, ही शिवी होती. मी हेलीला तोंडावर म्हटलं, "तुझं सगळं खोटं."

ती चिडली नाही. मला शेडमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "आजी, नॉक." मी रिंगवर बोटानं टकटक केलं. वर पातळ गादी, खाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंड. आमच्या तालमीतल्या हौद्यातली, कुस्तीच्या खड्ड्यातली, माती आठवली, तेल, ताक, हळद घालून लोण्यासारखी मऊ केलेली. तिथं पडलं तर धप्प व्हायचं. इथं दार आपटल्यासारखा आवाज, आणि पोरगी त्यावर दिवसात साठ वेळा पाठीवर पडायची. कोण जिंकणार ते ठरलेलं, पण पडणं कसं ठरवणार? घरी यायची तेव्हा छातीवर थपडांची पाचही बोटं उमटलेली, कोपरं सोललेली, एकदा तर दात ओठात घुसलेला. डेअरीतनं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातनं, बर्फाची पिशवी आणायची आणि माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडायची. मी तिळाच्या तेलानं रगडायची. "हार्डर, आजी!" म्हणायची.

एकदा तिनं सांगितलं, की आपल्याला जो उलटं उचलतो त्यानंच आपलं डोकं सांभाळायचं असतं. मी हात थांबवला. आबा पोरांना हेच बजवायचे, "समोरच्याची मान तुमच्याकडं ठेव म्हणून दिलेली असते रे!" तेव्हापासनं मी तिला खोटं म्हटलं नाही.

तर तो शनिवार. दुपारची वेळ, आमच्याच ओटाहुहुतला हॉल, दोनशे खुर्च्या, चिप्सचा वास. जपानच्या कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेला. मी आणि सुनीता त्याच्या मागंच. हेलीसमोर ब्री नावाची ऑस्ट्रेलियाची पोरगी होती. अंगानं दणकट, रिंगमध्ये नवी, आणि तिलाही जपानच हवं होतं. सुरुवातीपासनं तिचे हात जोरात पडत होते. हेलीच्या नाकातनं रक्त आलं, ते पांढऱ्या गादीवर ठिबकलं, तसे लोक आणखीनच ओरडायला लागले. मग ब्रीनं तिला खाली डोकं वर पाय अशी उचलली, आणि घामानं हात निसटला का घाई झाली देव जाणे, हेली सरळ टाळूवर आदळली.

हॉल नुसता नाचायला लागला. मी मात्र तिचा हात बघत होते. उजवा हात तिच्याच अंगाखाली मुरगळून पडला होता आणि ती तो काढत नव्हती. खोटं पडलेला माणूस स्वतःचा हात अंगाखाली ठेवत नाही हो. बेशुद्धीचं सोंग घेतलेलाही गुपचूप सोडवतो.

मला हे कसं माहीत, ते दादाच्या घरच्यांना सांगायला नको. इकडच्यांसाठी सांगते. जत्रेतलं मैदान, मी वीस वर्षांची. आम्ही बायका लांब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या. दादा असाच डोक्यावर पडला, असाच हात अंगाखाली. लोक ओरडत होते, "उठ की, सोंग करतोय!" मला कळलं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. आत्यानं दंडाला चिमटा काढला, "बाईमाणसानं मैदानात आवाज द्यायचा नसतो." मी गप्प बसले. समोरच्यानं दादाच्या मानेवर गुडघा घालून पूर्ण वजन टाकलं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. तो ट्रॉलीपर्यंत आला.

इकडं ब्री कोपऱ्यातल्या दोरावर चढत होती, हेलीवर उडी घ्यायला. मी उठले. "सोडवा! कुस्ती सोडवा!" मराठीत ओरडत होते, कोण समजणार! लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. "गो नाना, गो!" म्हणत टाळ्या सुरू. इथं आजीला नाना म्हणतात. एकानं तर मला वर चढायला हात दिला. दोराखालनं सरपटत गेले, पायातली एक जँडल, म्हणजे रबरी चप्पल, खालीच राहिली. पंच कानाशी लागला, "इट्स ओके लेडी, जस्ट अ शो." मी त्याला ढकललं आणि हेलीच्या डोक्यावर ओणवी झाले, दोन्ही हातांनी तिची मान धरून.

ब्रीचे पाय तोवर दोरावरनं सुटले होते. तिनं हवेतच अंग वळवायला बघितलं, पण गुडघा माझ्या बरगड्यांत बसलाच. दोन मोडल्या. श्वासच जाईना आत. पण हात सोडले नाहीत. खालनं हेली पुटपुटली, "आजी, आय कान्ट फील माय हॅन्ड्स."

तुमचा व्हिडिओ इथंच संपतो. त्यापुढं सुनीता किंचाळत रिंगमध्ये आली, "कुणी हलवू नका तिला! आई, हात तसेच ठेव!" मग अ‍ॅम्ब्युलन्स, पट्टे, कात्री. ब्री कोपऱ्यात बसून ओकत होती, ती वाईट पोरगी नव्हती. हेलीच्या मानेचं एक हाड चिरलं होतं, आतली नस नुसती चेपली होती. हातांत जीव परत यायला रात्र गेली. डॉक्टर म्हणाले, वरनं एक धक्का बसला असता तर आलाच नसता.

आता तुम्हाला वाटेल, पोरीनं माझे पाय धरले असतील. छे! जपानचा करार ब्रीला मिळाला. आणि हेली जगभर झाली ती नाना आजीवाली पोरगी. जिथं तिथं तोच व्हिडिओ, खाली हसणाऱ्यांची रांग. गळ्यात तो कडक पट्टा, समोर फोन. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाली, "मान माझी होती, आजी."

म्हटलं, "तुझीच होती गं. बघत मात्र मी होते."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर दोन महिने माझ्याशी अक्षर बोलली नाही. मी ताट ठेवायची, ती खाऊन, विसळून पायरीवर ठेवायची. तिची आई फोनवर रडायची, "कम होम." ही म्हणायची, "हरून येऊ?" त्या दिवसांत मी स्वतःलाही विचारलं. ज्या उडीनं ती मेली असती, त्याच उडीनं तिचं नशीब निघालं असतं, असं तिला वाटत असेल तर मी काय केलं? बरगड्या रात्री कुशीवर वळू देत नव्हत्या.

एका रविवारी ती आपणहून स्वयंपाकघरात आली, फरशीवर पालथी पडली आणि म्हणाली, "शोल्डर्स ओन्ली." मी तेल गरम करायला ठेवलं. बास, एवढंच.

आता वर्ष उलटलं. डॉक्टरांनी नाइलाजानं परवानगी दिलीय. सुनीता अजून माझ्याशी भांडते, "आई, तू तिला अडवत का नाहीस? तुझं ऐकेल ती." या शनिवारी हेली पुन्हा उतरतेय, आणि समोर कोण? ब्रीच. जपानहून आलीय, ही लढत तिनंच मागून घेतलीय. काल भाजी चिरताना हेली म्हणाली, "पहिल्या रांगेत बस. तू ओरडलीस तर मी उठणार नाही. ब्रीलाही सांगून ठेवलंय."

"आणि मी उगाचच ओरडले तर?"

"तरीही."

मी कांदा चिरत होते म्हणून बरं.

तुम्ही दर फोनला विचारता, घरची आठवण येते का? येते ना. माती, वहिनीचं दार, सगळंच येतं. पण त्या घरात माझा आवाज ट्रॉलीच्या बाहेर गेला नाही. इथं एका परक्या देशात तिसऱ्याच देशाची पोरगी म्हणते, तू ओरड, मी थांबते. घर कुठलं, ते तुम्हीच ठरवा. मी ठरवलंय.

खरं सांगू? मला जायचं नाही. तिला पडताना बघायचं नाही. वेळेवर कळेल का, याचीही खात्री नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. तरी शनिवारी दीड वाजता निघायचं. दोन वाजता पहिली जोड लागते, आणि पुढची खुर्ची धरायला हवी.