खालच्या माणसाची खूण

कारखान्यात त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. चौतीस वर्षं छताजवळच्या केबिनमध्ये बसून त्यांनी क्रेन चालवली. दहा टनांचा साचा आपण असा अलगद टेकवायचो की शेजारच्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही, असं ते सांगत. पेला कुणी ठेवून पाहिला नव्हता, ते सोडा. आणि आता पंचावन्न किलोची बायको पलंगावरून खुर्चीत ठेवता ठेवता त्यांच्या कमरेनं राजीनामा दिला होता.

दीड वर्षापूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि सगळ्या शब्दांतला 'अहो' तेवढा शाबूत राहिला. त्या एका 'अहो'त ती पाणी मागे, पंखा बंद करवी, आणि वेळ पडली तर नवऱ्याची अक्कलही काढी. वरचे तिला हातांनीच उचलत. गेल्या महिन्यात दोघंही घसरून जमिनीवर बसली, आणि शेजारीण येईपर्यंत तासभर तशीच राहिली.

लेक आली ती पेशंट लिफ्ट घेऊनच.

"बाबा, शनिवारी फिजिओथेरपिस्ट बाई येतील. त्यांच्यासमोर आईला नीट हलवलंत तर ठीक. नाहीतर शुश्रूषा केंद्रात मी जागा सांगून ठेवलीय."

"मला शिकवतेस? हे तर क्रेनचं पिल्लू."

पिल्लूच होतं. चाकांवर एक खांब, वर आडवा हात, त्याच्या हुकांना चार पट्ट्यांनी अडकवायची झोळी, आणि दोन बटणांचा रिमोट. चार दिवस वरच्यांनी गादीच्या वळकटीला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर फिरवलं. एकदा वळकटी धपकन पडली, तेव्हा बायको "अहो" म्हणाली. त्याचा अर्थ, मी वळकटी नाही.

शनिवारी बाई आल्या. वरच्यांनी खुर्चीचे ब्रेक लावले, बायकोला कुशीवर वळवून झोळी खाली सरकवली, पट्टे अडकवले, रिमोट हातात घेतला आणि नुसते उभे राहिले.

"घाबरलात का काका?" बाईंनी विचारलं.

"बाबा, जमत नसेल तर सांगा," लेक म्हणाली.

घाबरले नव्हते. वाट बघत होते. वळकटीचं काय, तो रिकामा हूक फिरवण्यासारखा खेळ. पण खरा भार खालच्या माणसाच्या, म्हणजे जमिनीवरून हातानं इशारा करणाऱ्याच्या, खुणेशिवाय त्यांनी जन्मात उचलला नव्हता, आणि हात आता ऐकेना.

झोळीतून डावा हात वर आला. तर्जनी छताकडे, आणि ती सावकाश गोल फिरली. उचला.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती डबा घेऊन कारखान्याच्या दारात यायची. त्या गदारोळात हाक कसली पोचणार? म्हणून त्यांनीच तिला गच्चीवर क्रेनच्या खुणा शिकवल्या. मग खुणा संसारात शिरल्या. कुणाच्या लग्नात ती लांबून पंजा दाखवून त्यांचं तिसऱ्यांदा गोड घेणं थांबवी. त्यांचा वाद चढला की बोट खाली फिरवून आवाज उतरवी. "तुमचं भांडणसुद्धा ऐकू येत नाही," अशी लेकीची लहानपणची तक्रार होती.

वरच्यांनी बटण दाबलं. बायको सहा इंच वर गेली, आणि लगेच तिचा डावा पंजा. थांबा.

ते थांबले. लिफ्टचा हात तर छान वर जात होता, मग काय झालं? नजर सवयीनं यंत्रावरच होती. भार नीट अडकलाय का ते बघायला नेहमी खालचा माणूस असायचा. बायकोनं बोटानं दाखवलं: डाव्या मांडीचा पट्टा हुकाच्या टोकावर जेमतेम लोंबत होता.

बोट खाली फिरलं. त्यांनी तिला उतरवलं, पट्टा आत बसवला, चारही पट्टे ओढून पाहिले. पुन्हा बोट वर फिरलं. या वेळी ते तिच्या हाताकडेच बघत राहिले, आणि ती खुर्चीत अशी टेकली की पेला असता तर पाणी हललं नसतं.

"पट्टा चुकला होता, काका," बाई म्हणाल्या.

"चुकला. मला दिसलाच नाही, हिनं पकडला."

"मग ह्यांच्या खुणेशिवाय बटण दाबायचं नाही. लिहून देऊ का?"

"कशाला? या घरात जुनाच नियम आहे."

लेक उठली. बाहेर जाऊन तिनं केंद्राला फोन केला, जागा नको म्हणून.

बायकोनं डावी मूठ खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली. ही खूण शिकवलेली नव्हती, तिची स्वतःची होती. कारखान्याच्या दारात ती डब्याच्या झाकणावर अशीच मूठ आपटायची, जेवण निवतंय म्हणून.

"आलो, आलो," वरचे म्हणाले आणि भात गरम करायला गेले.